उष्ट्या ग्लासांची मावशी

आमच्या इटालियन हॉटेलात जेवायला येणारी माणसं गेल्या वर्षापर्यंत माझ्या नाकाकडे फार आदराने बघायची. मी ग्लास गोल फिरवायचो, नाक आत घालायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, "तुमच्या लसान्याबरोबर ही रेड वाइन घ्या." माणसं घ्यायची, जेवायची आणि जाताना माझा हात हातात धरून म्हणायची, "काय नाक आहे हो तुमचं!" मी मान तुकवायचो. आता पंचावन्न पूर्ण झाली, खोटं कुणासाठी बोलायचं? नाकाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. डोळे मिटायचो तेव्हा मी फक्त आठवत असायचो, की या पदार्थाबद्दल मावशी काय म्हणाल्या होत्या.

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला तीन पायऱ्या उतरल्या की त्यांची खोली. दोन खोल सिंक, एक लांब लाकडी फळी, फळीवर उपडे घातलेले ग्लास, आणि छताला लागून एक बुटकी खिडकी. त्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. मावशी अंगाने इतक्या किरकोळ, की रबरी एप्रन त्यांच्या घोट्यापर्यंत येतो. हातमोजे घालत नाहीत. "मोजे घातले की काचेवरचं कळत नाही," म्हणतात. गरम पाण्याने बोटं सदा फुगलेली असतात. वाइनचा एक थेंब त्यांनी आयुष्यात घेतलेला नाही.

लोकांना लगेच वाटतं, नवरा पिणारा असेल. मलाही वाटलं होतं. एकदा भीत भीत विचारलं तर त्या हसून हसून बेजार झाल्या. "आमचे हे? अहो, त्यांना चहासुद्धा चढायचा!"

मी या हॉटेलात आलो तेव्हा चाळिशी उलटली होती आणि सहा महिन्यांचा वाइनचा कोर्स नुकताच पदरात पडला होता. छातीवर द्राक्षाच्या घडाचा बिल्ला. नाकाने कांदे सोलायचो नुसता. हॉटेल काढलं होतं आमच्या आताच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांची लाडकी वाइन म्हणजे बारोलो. भारदस्त, जुनी, जिभेला आवळून धरणारी. आता मालकांना आवडते, शिवाय किमतीने सगळ्यांत वर, मग मी काय करावं? दिसेल त्याच्या गळ्यात बारोलो! टोमॅटोचं स्पॅगेटी, बारोलो. पिझ्झा, बारोलो. तिखट पास्ता, तरी बारोलोच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मावशी ट्रे घेऊन पायऱ्या चढून वर आल्या. मी बाटल्या पुसत होतो.

"बाटलीवाले, हे तुमचं का?"

बघितलं तर एका टेबलाचं उष्टं. टोमॅटो स्पॅगेटीची प्लेट, तळाशी बोटभर बारोलो उरलेला ग्लास आणि पाण्याचा रिकामा ग्लास.

"माझं कसं असेल? गिऱ्हाइकाचं आहे."

"पाजलंत तुम्हीच ना? तीन दिवस बघतेय. टोमॅटोच्या प्लेटीबरोबर हा काळा ग्लास गेला की असाच परत येतो. पाणी मात्र संपतं. कायतरी खुपतंय बघा माणसांना."

माझा पारा असा चढला! म्हटलं, "मावशी, मी कोर्स केलाय. तुम्ही तुमचं बघा."

"बरं," म्हणाल्या आणि खाली गेल्या. राग नाही, टोमणा नाही. ते "बरं" मला दिवसभर चावत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगता मी टोमॅटोच्या पदार्थाबरोबर बार्बेरा नावाची दुसरी रेड वाइन दिली. बार्बेरा मुळातच आंबटसर, जिभेला न आवळणारी. टोमॅटोही आंबट. आंबटाशी आंबट जुळतं हे कोर्सच्या पुस्तकात पंधराव्या पानावर होतं की हो! पण किंमत बघण्याच्या नादात ते पान कुठे आठवतंय? दुपारी मी ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा कसलंतरी फडकं मागायच्या निमित्ताने खाली गेलो. मावशींनी वर न बघताच सांगितलं, "आज काढलात वाटतं तो काळा. तिन्ही टेबलांनी पावाने प्लेट पुसून खाल्लीय."

तेव्हापासून मी रोज खाली जायला लागलो.

आता त्यांची पद्धत सांगतो, कारण ती जगात दुसऱ्या कुणाला सुचलेली मी तरी ऐकली नाही. मावशींचा एकच कायदा: एका टेबलाचं उष्टं दुसऱ्या टेबलाच्या उष्ट्यात मिसळायचं नाही. वेटर ट्रे आणतो तो एका टेबलाचाच, वर टेबलाच्या नंबराची चिठ्ठी. कुणी आळस करून दोन टेबलं एका ट्रेमध्ये कोंबली, की मावशी तो ट्रे तसाच परत वर पाठवायच्या. वेटर करवादायचे, पण मानायचे. मग त्या प्रत्येक ग्लास खिडकीकडे धरून फिरवायच्या आणि आधी काठ बघायच्या, तळ नंतर.

मी म्हटलं, "काठ कशाला? किती प्यायले ते तळावरून कळतं ना?"

"प्यायला काय, तहान लागली तरी माणूस पितो. काठ तेलकट आहे का बघा. घास खाल्ला, घोट घेतला, परत घास, परत घोट, असं झालं तरच काठाला तेल लागतं. म्हणजे दोन्ही एकमेकांना बोलावत होते. काठ कोरडा आणि ग्लास रिकामा असेल तर वाइन एकीकडे, जेवण एकीकडे. एकाच घरात राहून अबोला."

सहा महिने मास्तर लोकांनी आम्हाला वास शिकवले, रंग शिकवले, ग्लास कसा धरायचा ते शिकवलं. जेवून उठलेल्या माणसाच्या ग्लासाचा काठ बघा, असं कुणी म्हणालं नव्हतं.

असं करत करत त्यांनी मला काय काय दिलं! मिरची घातलेल्या पास्त्याबरोबर जड वाइन गेली की पाण्याचे तीन तीन ग्लास रिकामे येतात, कारण मिरचीची आग आणखी भडकते. तिथे मऊ, फळांची, जरा गार केलेली हलकी रेड वाइन द्यायची. कडू पालेभाजीशी आवळणारी वाइन दिली की भाजी प्लेटीच्या कडेला ढकललेली येते. आप्पांची बारोलो वाईट नव्हतीच. ती तासन्‌तास शिजवलेल्या चरबीदार मांसाबरोबर गेली की असले तेलकट ग्लास यायचे, की मावशींना दोनदा घासावे लागायचे. "ही खरी सोयरीक," म्हणायच्या आणि कुरकुर न करता घासायच्या.

एकदा मी विचारलं, "मावशी, हे शिकलात कुठे?"

तर म्हणाल्या, "सासूबाईंकडे." सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. नऊ वर्षं अंथरुणावर. "आधी मी विचारायची, आई आवडलं का? त्या बिचाऱ्या मान हलवायच्या. हो म्हणायचीच सवय, सुनेला वाईट वाटू नये म्हणून. मग मी विचारणं सोडलं आणि ताटली बघायला लागले. काय आधी संपलं, काय चिवडलं, कशावर पाणी मागितलं. माणूस भिडेने खोटं बोलतो हो. उष्टं नाही बोलत." नवरा गेल्यावरही त्यांनी सासूला सांभाळलं, आणि सासू गेल्यावर आमच्या खालच्या खोलीत आल्या. मूलबाळ नाही.

अहो, पण सगळं असं गंभीर नव्हतं हां! आमच्या आचाऱ्याचा मेहुणा वेटर आहे. पोट पुढे, चाल डुलत. एक नवीन वाइन आली होती, ती मी मशरूमच्या रिझोतो भाताबरोबर द्यायला लागलो. दोन आठवडे ग्लास चाटूनपुसून लख्ख! एक थेंब उरेना. मी हवेत. यादीच्या पहिल्या पानावर ती वाइन छापून घेतली. मावशी मात्र गप्प गप्प. मग एके दिवशी त्यांनी मला आणि त्या मेहुण्याला, दोघांना खाली बोलावलं. ग्लास खिडकीकडे धरला.

"हे चार नंबर टेबल. जोडपं होतं. हा ग्लास बाईचा, इकडे लिपस्टिक आहे. बरोबर? मग समोरच्या बाजूला हा तिसरा ओठ कुणाचा? आणि वास घ्या. लसणाचा पाव. त्या टेबलावर लसणाचा पाव गेला होता?"

नव्हता गेला. लसणाचा पाव त्या दिवशी फक्त आम्हा नोकरमाणसांच्या जेवणात होता. मेहुण्याचा चेहरा असा पडला, की त्याला वेगळं काही विचारावंच लागलं नाही. झुलत्या दाराच्या मागे उभं राहून पठ्ठ्या दोन आठवडे सगळ्यांचं उष्टं संपवत होता. म्हणजे ती वाइन गिऱ्हाइकांना आवडतच नव्हती! आवडत होती ती एकट्या मेहुण्याला, आणि मी ती पहिल्या पानावर छापून बसलो होतो. मावशी त्याला म्हणाल्या, "प्यायलास ते प्यायलास, मेल्या, पण माझ्या साक्षीदारांना फितवलंस!" तो आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

आता जे सांगायचंय ते सांगताना जीभ जड होते. पण सुरुवात केलीय तर पूर्ण करतो.

वर्षामागून वर्षं गेली. आप्पा वारले, हॉटेल बाईंकडे आलं. आमच्या हॉटेलात पदार्थाला वाइन अशी जुळवून देतात, की बोलायची सोय नाही, असं नाव झालं. हॉटेलवाल्यांच्या संघाने मला प्रशस्तिपत्र दिलं: रेड वाइन आणि इटालियन जेवण यांची उत्तम जोडी जमवल्याबद्दल. बाईंनी ते काचेच्या फ्रेममध्ये घालून दर्शनी भिंतीवर लावलं. आणि मी मावशींचं नाव घेतलं का? नाही घेतलं. आधी वाटलं, पुढच्या वेळी सांगू. मग वाटलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर लोक हसतील. मग सवय झाली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

घरी आमच्या हिला सगळं ठाऊक. प्रशस्तिपत्राच्या दिवशी ती म्हणाली, "जोडी जमवली त्यांनी आणि हार तुमच्या गळ्यात? पचेल का?" मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात गेलो तर मावशी स्टुलावर चढून ती फ्रेम पुसत होत्या. "काचेवर बोटं उमटली होती," म्हणाल्या. "छान दिसतंय हो तुमचं नाव." देवाशप्पथ सांगतो, जमीन दुभंगली असती तर बरं, असं वाटलं.

आणि मग गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं. भांडी धुण्याचं मशीन येणार. प्लेटी, ग्लास, सगळं जाळीत रचायचं, दार लावायचं, तीन मिनिटांत स्वच्छ. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. "मावशींनी पुष्कळ वर्षं केलं," बाई म्हणाल्या, "आता त्यांनी आराम करावा." बाई मनाने वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण म्हातारीवर उपकार करतोय.

मावशी म्हणाल्या, "बरं."

तेच ते "बरं". मी खाली धावलो. त्या ग्लास पुसत होत्या, हात नेहमीसारखेच चालत होते. म्हटलं, "मावशी, काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? मशीन चांगलंच धुवेल. माझी बोटं तरी किती दिवस पुरणार?" मग पुढचा ग्लास उचलत म्हणाल्या, "घरी मी एकटी. एकटीचं एक ताट. त्यात काय बघायचं? माझंच मला ठाऊक. इथे रोज शंभर माणसं जेवतात, बाटलीवाले. कुणाचं बरं चाललंय, कोण रुसलंय, कुणाला आज घास उतरला नाही, सगळं कळतं मला. ते बंद होणार, एवढंच."

मी तसाच पायऱ्या चढलो. बाईंकडे गेलो, पण कसला गेलो! म्हटलं, मशीनमध्ये ग्लास फुटतात. बाई म्हणाल्या, फुटत नाहीत, मी बघून आलेय. म्हटलं, पाणी फार लागतं. म्हणाल्या, कमी लागतं. म्हटलं, आवाज होतो. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काढता पाय घेतला. खरं कारण तेवढं ओठांवर आलं नाही.

घरी सांगितलं तर ही भडकलीच. "वाइनची चव घ्यायला जीभ आहे, खरं बोलायला नाही? त्यांनी चौदा वर्षं तुम्हाला वर उचललं, आणि तुम्हाला एकदा खाली उतरवत नाही? उद्या बोलला नाहीत ना, तर मी येऊन सांगेन. मग बघा काय शोभा होते ती!"

आमची ही बोलते ते करते. रात्रभर कूस बदलत राहिलो.

सकाळी बाई हॉलमध्ये नॅपकिन मोजत होत्या. आचारी होता, मेहुणा होता, दोन वेटर होते. मुद्दाम सगळ्यांच्या समोर बोललो, म्हणजे मागे फिरायला वाट उरायला नको. सगळं सांगितलं. बारोलो, काठ, तळ, तिखट पास्ता, सगळं. "ते प्रशस्तिपत्र माझं नाही, बाई. त्यातलं एक अक्षर माझं नाही. मावशी गेल्या की महिन्याभरात तुम्हाला कळेल, माझं नाक किती पाण्यात आहे ते."

बाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला शेंडी लावलीत?"

"हो."

"की मावशींची नोकरी वाचवायला आता रचून सांगताय?"

त्यावर मेहुणा पुढे झाला. त्याने स्वतःहून लसणाच्या पावाची गोष्ट सांगून टाकली! त्याच्या बायकोच्या भावाने, म्हणजे आमच्या आचाऱ्याने, कपाळावर हात मारला.

बाई म्हणाल्या, "ठीक. आज दुपारचे ट्रे मी स्वतः खाली नेणार. नंबराच्या चिठ्ठ्या काढून. बघू तुमच्या मावशी काय वाचतात ते. जमलं तर विचार करू. नाही जमलं, तर त्या जातील, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही."

दुपारी अडीच वाजता बाई पहिला ट्रे घेऊन तीन पायऱ्या उतरल्या. मी मागे, माझ्या मागे आचारी, त्याच्या मागे मेहुणा आणि एक वेटर. मावशींना कुणी काही सांगितलं नव्हतं. बाई स्वतः खाली आल्या हे बघूनच त्यांनी हात एप्रनला पुसले.

"मावशी, हे टेबल कसं जेवलं?"

मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ग्लास उचलला. "तिघं जण. लसान्या. दोघांना वाइन पटली. तिसऱ्याने मासा खाल्लाय, त्याला रेड वाइन कुणी दिली? पहिल्या घोटानंतर हात लावलेला नाही." बाईंनी मेहुण्याकडे बघितलं. त्याने मान डोलावली. तिसऱ्याने मासाच मागितला होता आणि वाइन हट्टाने दोघांसारखीच.

दुसरा ट्रे. "जोडपं. पिझ्झा. बाटली बाईने निवडलीय, कारण तिचा काठ तेलकट आणि त्याचा कोरडा. त्याला जरा गार करून दिली असती तर जमलं असतं." वेटर पुटपुटला, "गार आहे का, म्हणून विचारत होता तो." माझ्या जिवात जीव आला.

तिसरा ट्रे बाईंनी स्वतः भरून आणला होता. टोमॅटो स्पॅगेटीची एकच प्लेट, निम्मी उरलेली. एक रिकामा वाइनचा ग्लास. एक पाण्याचा ग्लास. मावशींनी तो ट्रे बघितला आणि बाजूला सरकवला.

"हा राहू दे."

"का? नाही कळत?"

"राहू दे, बाई."

"मावशी, हे कळलं नाही तर बाकी सगळं चुकलं असं धरीन हां मी."

मावशींनी एक सुस्कारा सोडला. "चिठ्ठी काढलीत म्हणून ओळखणार नाही होय? कोपऱ्यातलं टेबल. तुमचं. आप्पा असताना तिथून ग्लास यायचा तेव्हा काठ बघत राहावं असा. ओठांवर ओठ उमटलेले, सावकाश, घासाघासाला. आप्पा गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही तिथे बसायला लागलात. त्यांची खुर्ची, त्यांची बारोलो. बारा वर्षं झाली. ग्लास रोज रिकामा येतो, पण काठ कोरडा. शेवटी एका घोटात संपवता. औषध घ्यावं तसं. आणि त्यापायी जेवण निम्मं राहतं."

मावशींनी आता तो ग्लास उचलून उजेडाकडे धरला.

"तुमच्याबरोबर पाहुणे असले की दुसरी वाइन असते. बार्बेरा असो, गार केलेली असो, तुमचा काठ कोरडाच." मावशींचा आवाज फार हळू झाला होता. "तुम्हाला वाइन आवडतच नाही, बाई. कुठलीच."

झालं, संपलं, मी मनात म्हटलं. वाइनसाठी नावाजलेल्या हॉटेलच्या मालकिणीला, चार नोकरांसमोर! आता दोघांनाही दार दाखवणार.

बाई पायरीवर बसल्या. भारी कपडे, ओली पायरी, कशाचंही भान नाही. त्यांनी तो ग्लास हातात घेतला. मग म्हणाल्या, "आप्पांना एकटं जेवायला आवडायचं नाही." आणि त्यांना रडू फुटलं. "मी नाही प्यायले तर त्या खुर्चीत कुणीच नाही, असं वाटायचं. घरी कुणाला ठाऊक नाही हो हे. कुणालाही नाही."

मावशींनी ओले हात पुसले आणि बाईंच्या डोक्यावर ठेवले. मालकीण वगैरे काही नाही. लेकीच्या डोक्यावर ठेवावेत तसे. "आप्पांनी तुमचं उष्टं बघितलं असतं तर त्यांनाही घास उतरला नसता. पाणी प्या तुम्ही. पाण्याबरोबर जेवा पोटभर."

मशीन आलं. ते आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरघरत असतं आणि पातेली, तवे, ताटल्या धुतं. पण आधी सगळे ट्रे खाली जातात, एकेका टेबलाचे, न मिसळता. ग्लास मावशीच धुतात. फ्रेम बाईंनी स्वतः काढली आणि मावशींना दिली. मावशींनी ती सिंकच्या वर लावली. वाफेने आतला कागद फुगलाय, आणि त्याच खिळ्याला त्या आपलं फडकं अडकवतात. मी म्हटलं, "अहो, मान आहे तो!" तर म्हणाल्या, "मग फडकं काय अपमान आहे का?" आता मी टेबलाशी उभा राहून डोळे मिटत नाही. सरळ सांगतो, "आमच्या खालच्या मावशी म्हणतात, या पदार्थाबरोबर ही घ्या." लोक हसतात, पण घेतात.

बाई पायरीवर बसून रडल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा खाली गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाचा ट्रे नुकताच आला होता. वाइनचा ग्लास नव्हता. पाण्याच्या ग्लासाच्या काठावर टोमॅटोच्या तेलाची लालसर कड होती, ठशावर ठसा. प्लेट पावाने अशी पुसली होती, की घासायची गरजच नव्हती. मावशींनी ती दोन्ही हातांनी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"आज जेवल्या बाई," त्या म्हणाल्या आणि प्लेट पाण्यात सोडली.